आकाशात दहा तास, जमिनीवर आठ!

खंडाळा (जि. सातारा) - मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, तर खंडाळा ते मुंबई हे रस्त्याचे अंतर सुमारे २१० किलोमीटर. पहिल्या प्रवासास साडेनऊ ते दहा तास लागतात. दुसऱ्यास, कात्रज आणि बोरघाटातील खोळंबा व विमानतळावर तीन तास आधी पोचण्याचा दंडक धरल्यास, आठ तास सहज मोडतात. दोन विमानतळांमधील अंतराची चर्चा करताना घर ते विमानतळ हे अंतर मात्र हिशेबातून निसटते.

तासांचे गणित

ताशी ९०० किलोमीटर वेगाने लंडन आठ तासांत गाठता यायला हवे. प्रत्यक्षात उंचावरील पश्‍चिमी वारे जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास कमी वेळेत होतो. तिकिटावरील वेळाही फसव्या असतात. हिवाळ्यात सकाळी सातला मुंबईहून सुटून दहा तास उडालेले विमान लंडनच्या घड्याळाप्रमाणे साडेअकरालाच उतरते, कारण दोन्ही शहरांच्या वेळेत तेव्हा साडेपाच तासांचे अंतर असते. राजकारणही वेळ वाढवते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी उड्डाणे वळशामुळे लांबली.

पुणे जवळ, तरी दूर

खंडाळ्याहून लोहगाव सुमारे ७० किलोमीटरवर आहे. पण तो हवाई दलाचा तळ असून धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची आहे. पल्ला जितका लांब, तितके इंधन अधिक. इंधन अधिक, तितके विमान जड आणि जड विमानास लांब धावपट्टी हवी. म्हणूनच शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील व्यवस्थापकास किंवा मुलांकडे परदेशी निघालेल्या आई-वडिलांना दूरच्या थेट विमानासाठी मुंबईच गाठावी लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे ही वाट थोडी आखूड होऊ शकते. घाट मात्र चुकलेला नाही.

पुरंदरची किंमत

नियोजित पुरंदर विमानतळ झाल्यास खंडाळेकरांना कात्रजला न जाता कापूरहोळ, नारायणपूरमार्गे तो गाठता येईल. जाण्या-येण्याचे मिळून निम्मा दिवस वाचू शकेल. पण हा वेळ फुकट मिळणार नाही. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची अंजीर-सीताफळाच्या बागांची जमीन त्यासाठी घेतली जाणार आहे. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी शेतकरी व पोलिस समोरासमोर आले. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेलेल्या खंडाळा तालुक्यास हे दुःख परके नाही.

विमानतळ जवळ यावा, ही मागणी रास्तच आहे. मात्र, प्रवाशाचे वाचणारे तास मोजताना शेतकऱ्याच्या हातून जाणारी जमीन त्याच काट्यावर ठेवावी लागेल. मोबदला आणि पुनर्वसन यांचा निर्णय धावपट्टीच्या आधी झाला, तरच हे अंतर खऱ्या अर्थाने कमी झाले, असे म्हणता येईल.