परवाना कोणाच्या नावावर?

दक्षिण कोरियात मालिश करण्याचा परवाना दृष्टिहीनांनाच मिळतो. २००६ साली तेथील घटना न्यायालयाने व्यवसायस्वातंत्र्याच्या नावाने हा निर्बंध घटनाबाह्य ठरविला. अंध कामगार सोलमधील हान नदीच्या पुलावर ठाण मांडून बसले, कित्येकांनी पाण्यात उड्या घेतल्या. त्याच वर्षी संसदेला कायदा करून तो पुन्हा आणावा लागला. २००८ साली न्यायालयानेही तो मान्य केला.

पण बिनपरवाना मालिशगृहे राजरोस चालतातच! डोळस गिऱ्हाईक दर पाहते, परवाना मागत नाही. स्वातंत्र्याचा जयघोष करणाऱ्यांनी या अंधांना दुसरा कोणता व्यवसाय खुला ठेवला? तो आधी दाखवावा, मग मक्तेदारीची भाषा करावी. तोवर दारात शिरणाऱ्याने एवढे तरी विचारावे : परवाना कोणाच्या नावावर आहे आणि राबणारे हात कोणाचे आहेत?