गारवा अर्धापुरातच लागतो

आखातातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात केळ्यांच्या फण्यांवरचे स्टिकर वाचले, तर फिलिपिन्स आणि इक्वेडोर ही दोन नावे वारंवार दिसतात. इक्वेडोरचे केळे आपल्या टोपलीत पडण्याआधी काही आठवडे समुद्रावर असते. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अलीला यायला कंटेनरला थोडेच दिवस लागतात. भारत तर जगात सर्वाधिक केळी पिकवणारा देश. वर्षाला सुमारे साडेतीन कोटी टन. त्यातली 2022-23 मध्ये परदेशी गेली ती फक्त 3.6 लाख टनांच्या आसपास, म्हणजे शंभरातले जेमतेम एक. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर-मुदखेड पट्ट्याची केळी वर्षानुवर्षे उत्तरेतल्या बाजारांत जाते, हैदराबादेत जाते, पण आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या घरांत ती त्या नावाने येत नाही. मराठवाडा समुद्रापासून फार लांब पडतो, असे याचे कारण सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे, आणि ते खरे मानल्यामुळे आपण आपली जबाबदारी टाळतो, असे आम्हाला वाटते.

खरी अडचण अंतराची नाही, गारव्याची आहे. नाशवंत माल नेणारा रीफर कंटेनर म्हणजे फिरता फ्रीज, असा समज आहे. प्रत्यक्षात ते यंत्र गरम माल थंड करण्यासाठी बनलेलेच नसते. आधीच थंड केलेला माल तसाच थंड ठेवणे एवढेच त्याचे काम. खालच्या खाचांच्या तळातून गार हवा वर येते, खोक्यांमधून फिरते आणि फळाच्या श्वसनातून निघणारी ऊब बाहेर नेते. दुपारच्या उन्हात कापलेला घड तसाच त्यात भरला, तर मधल्या खोक्यांतली उष्णता कित्येक दिवस निघत नाही. तेवढ्यात फळ स्वतःच इथिलीन सोडू लागते आणि एका पिकत्या फणीमुळे शेजारच्या फण्या पिकू लागतात. उलट तापमान 13 अंशांच्या बरेच खाली गेले तर साल काळपटते आणि केळे नीट पिकतच नाही. म्हणून 75 ते 80 टक्के भरलेला घड काळजीपूर्वक उतरवायचा, फण्या वेगळ्या करून धुवायच्या, वजन करून खोक्यात भरायच्या आणि काही तासांत 13-14 अंशांवर आणायच्या. फळाचे काय होणार ते या पहिल्या दिवसात ठरते. घड ट्रकमध्ये सुटे रचून पाठवायची जुनी रीत देशातल्या बाजाराला चालून गेली. समुद्रापलीकडे ती चालत नाही, कारण घासलेली साल पिकल्यावर काळी पडते आणि इथला ग्राहक ती फणी उचलत नाही.

सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण यासाठीच पाहावे. करमाळा-टेंभुर्णी-कंदर भागातून आज आखातात मोठ्या प्रमाणावर केळी जाते. ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक नांदेडातही आहेत. सोलापूरला बंदर जवळ आहे हे खरे, पण त्याहून मोठा फरक पडला तो शेताजवळ उभ्या राहिलेल्या पॅकहाऊस आणि शीतगृहांमुळे. त्याच्याही आधी द्राक्षाने हा धडा दिला होता. 1991 मध्ये सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली आणि द्राक्षे जहाजाने युरोपात पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या काळात माल नाकारला गेला, नुकसान झाले. टिकाव लागला तो बागायतदारांच्या संस्थांजवळ प्रीकूलिंगची, म्हणजे माल भरण्याआधीच थंड करण्याची, सोय झाल्यावर आणि दर्जाचे नियम सगळ्यांनी पाळल्यावर. बारामतीहून नोव्हेंबर 2023 मध्ये निघालेला केळ्यांचा चाचणी कंटेनर डिसेंबरमध्ये रॉटरडॅमला पोचला. इतका प्रवास सोसणाऱ्या फळाला नांदेड ते न्हावा शेवा हे सुमारे 600 किलोमीटर जड जाऊ नयेत, फक्त ते अंतर त्याने थंड गाडीतून कापले पाहिजे.

मग शीतगृहे बांधली का जात नाहीत? कारण एका हंगामाच्या अंदाजावर कुणी भांडवल घालत नाही. नियमित गिऱ्हाईक समोर दिसावे लागते. इथे आपला संबंध येतो. आपले मंडळ दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या मागवते, आणि त्या बहुतेक विमानाने येतात. विमानाचे भाडे जड पडते, तरी आपण ते ताजेपणाच्या नावाने भरतो. जून 2022 मध्ये महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने वाशीच्या केंद्रात विकिरण केलेला सुमारे 16 टन केसर आंबा जहाजाने अमेरिकेत न्यू जर्सीकडे पाठवला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीने प्रक्रिया केलेला तो आंबा सुमारे 25 दिवसांचा प्रवास करून पोचला. आखाताचा प्रवास त्याच्या कितीतरी कमी. विमान म्हणजे हमी, हेही खरे नाही. मे 2025 मध्ये विमानाने अमेरिकेत गेलेल्या आंब्याच्या 15 खेपा विकिरणाच्या कागदपत्रांतल्या त्रुटींमुळे नष्ट कराव्या लागल्या. चव उतरते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. झाडावर पाड लागलेला आंबा खाणाऱ्याला कच्चा काढून पेटीत पिकवलेल्या आंब्यात उणे दिसणारच. पण विमानाने येणारा आंबाही कच्चाच काढलेला असतो. थंडीत काही दिवस जास्त राहिल्याने पडणारा फरक योग्य वेळी काढणी केली तर थोडा असतो.

सर्वांत जड आक्षेप पाण्याचा आहे, आणि तो मराठवाड्याची आस्था असणाऱ्यांनीच घेतला पाहिजे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. अशा भागातून पाण्यावर वाढणारे फळ खोक्यात भरून परदेशी पाठवणे म्हणजे पाणीच पाठवणे नव्हे काय? आहेच. म्हणून लातूरकडून केळी मागू नये असे आम्ही स्पष्ट म्हणतो. इसापूर धरणाच्या लाभक्षेत्रातल्या अर्धापूर भागात, ठिबकावर असलेली केळीच घ्यावी. लातूरकडून केसर घ्यावा. आंब्याच्या झाडाला मोहोरापूर्वी पाण्याचा ताण लागतोच, आणि एकूण गरज उसाच्या मानाने पुष्कळ कमी. लातूरच्या शेतकऱ्याला उसापलीकडे पैसा देणारे पीक हवे आहे. मराठवाड्याच्या केसरला 2016 पासून भौगोलिक मानांकनही आहे. लातूर जिल्ह्यातल्याच पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना तर गारव्याचीही गरज नाही. ती साध्या कंटेनरमधून येऊ शकतात, आणि आजवर आपण ती नावाने मागितली नाहीत ही आपली उणीव.

नफा मधल्या मधे निर्यातदार घेतील, अशीही शंका येईल. ती निराधार नाही. शेतकरी उत्पादक कंपनीकडे स्वतःची प्रीकूलिंग खोली नसेल, तर व्यापारी देईल तो भाव तिला घ्यावा लागतो, कारण कापलेला घड थांबत नाही. फळ चार दिवस थांबवून ठेवता येणे हीच शेतकऱ्याची सौदा करण्याची ताकद. म्हणून निव्वळ खरेदीने भागणार नाही. कुणाकडून खरेदी करतो हेही आपल्याला पाहावे लागेल.

मंडळाच्या कार्यकारिणीने यंदा आंब्याची नोंदणी दोन भागांत करावी, अशी आमची मागणी आहे. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा कोकणच्या हापूसचा काळ. तो नेहमीप्रमाणे चालू द्यावा. मराठवाड्याचा केसर मेच्या उत्तरार्धात तयार होतो, म्हणजे इथल्या शाळा सुटून घरे भारताकडे निघण्यापूर्वी जहाजाने येऊन पोचेल. त्याची नोंदणी फेब्रुवारीत, मोहोर स्थिरावल्यावर, आगाऊ रकमेसह घ्यावी. एक कंटेनर आपल्या एकट्या मंडळाला जड जाईल. आखातातल्या इतर मराठी मंडळांना त्यासाठी आत्ताच पत्रे जावीत. पुरवठादाराला तीन अटी घालाव्यात: माल शेतकरी उत्पादक कंपनीचा असावा, खोक्यावर तालुका आणि काढणीची तारीख असावी, आणि कंटेनरमधल्या तापमानाची नोंद मंडळाला मिळावी. केळ्यांसाठी नोंदणीची गरज नाही. आपण ज्या दुकानात जातो तिथल्या व्यवस्थापकाला अर्धापूरची केळी का नाही, एवढे दर आठवड्याला विचारावे.