आगमनकाळ आणि निष्ठेचे स्थैर्य

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ ख्रिस्ती बांधव आगमनकाळ म्हणून पाळतात. बाजारात या दिवसांत उत्सवाची घाई असते. उपासनामंदिरात मात्र आत्मपरीक्षणाचा जांभळा रंग असतो. अशा वेळी आपल्या ‘प्रतीक्षा’ या शब्दाची घडण ध्यानात घ्यावी. ‘प्रति’ म्हणजे कडे आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. वाट पाहणाऱ्याने आपले मुख एका दिशेस वळविलेले असते. भोवतालचे सर्व पालटले तरी ते मुख वळू नये, एवढीच निष्ठेची मागणी आहे, असे मला वाटते.

आपल्या विदर्भाने याचे उदाहरण पाहिले आहे. दि. २९ नोव्हेंबर १९७० हा आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या दिवशी नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बिशपांची परंपरा मानणारे अँग्लिकन होते, तसेच जाणत्या वयातच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारे बॅप्टिस्टही होते. बालपणीचा व प्रौढपणीचा, असे बाप्तिस्म्याचे दोन्ही प्रकार ग्राह्य धरण्यात आले. रीती भिन्न राहिल्या, दिशा एक ठरली.

चांद्याच्या ख्रिस्ती समाजाला असा पालट नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने येथे मिशन चालविले. येथे सेवा केलेले अ‍ॅलेक्स वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. पुढे परदेशी मिशनरी गेले, चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ मध्ये गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. दरम्यान १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार परंपरेचे धर्मक्षेत्र येथे स्थापन झाले. त्याचे पीठ बल्लारपूर येथे आहे. नगराने नाव बदलले, पण हा धर्मप्रांत आजही ‘चांदा’ हेच नाव धारण करतो. या परंपरेचे उपासनावर्ष नाताळपूर्वीच्या याच काळात आरंभ पावते आणि त्या काळास मल्याळममध्ये ‘मंगलवार्ताकालम्’ म्हणतात. संस्कृताच्या अभ्यासकास हा शब्द परका कसा वाटावा?

आज कोळशाच्या व लोहखनिजाच्या खाणींनी या अरण्यप्रदेशाचे रूप पालटत आहे. तरुण मुले पोटासाठी दूरच्या शहरांत जातात. घरची प्रार्थना वृद्धांपुरती उरते. अशा वेळी दोन भ्रम संभवतात. एक म्हणजे जुनी रीत हीच श्रद्धा मानून मुलांवर रुष्ट होणे. दुसरा म्हणजे रीत सुटली तेव्हा श्रद्धाही कालबाह्य झाली असे समजणे. हे दोन्ही भ्रम घराचे दोन तुकडे करतात, आणि कोणत्याही धर्माच्या घरात आज हीच भीती आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले तेव्हा ते अपूर्ण होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. पतीच्या धर्मांतरानंतर ज्या कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या होत्या, त्याच या लक्ष्मीबाई! त्यांची लेखनशैली टिळकांहून निराळी, तरी ग्रंथाची दिशा तीच राहिली. पुढच्या पिढीने मागच्या पिढीचे अक्षर गिरवावे असा आग्रह नको. तिने काम पुढे न्यावे, एवढी अपेक्षा पुरे.

म्हणून ख्रिस्ती बांधवांस माझी विनंती अशी, की या चार रविवारी दूरच्या मुलाला त्याच्या सवडीच्या वेळी बोलवावे, आणि त्याला रुचेल त्या भाषेत शास्त्रपाठ एकत्र वाचावा. इतर वाचकांनीही शेजारच्या घरी नाताळच्या फराळाआधी एकदा जाऊन यावे. आपला शेजारी कोणाची वाट पाहत आहे, हे ठाऊक असणे हा शेजारधर्मच आहे.