हातावरची गाठ आणि तीन दिवसांची वाट



घरात कोणाला क्षय निघाला की दवाखान्यातून निरोप येतो, लहान मुलांना तपासायला आणा. आई मुलाला घेऊन जाते. मुलाच्या हाताला, कोपराच्या खाली आतल्या बाजूस, एक बारीक सुई टोचतात. कातडीवर छोटासा फुगवटा येतो आणि सिस्टर सांगतात, "तीन दिवसांनी हात दाखवायला आणा." येथेच गाडी अडते. तीन दिवसांनी पुन्हा कामाचा खाडा, पुन्हा बसभाडे, पुन्हा रांग! शेजारीण म्हणते, "अगं, काही सुजलं नाही ना? मग कशाला जातेस?" मग कितीतरी माता परत जातच नाहीत आणि केलेली तपासणी वाया जाते.

हे तीन दिवस डॉक्टरांनी स्वतःच्या सोयीने ठरवलेले नाहीत. ते आपल्या शरीराच्या चालीवरून ठरले आहेत. कसे, ते आज समजून घेऊ.

या तपासणीला मॉन्टू टेस्ट म्हणतात. शार्ल मॉन्टू या फ्रेंच डॉक्टरांनी १९०८ साली ही पद्धत मांडली. सुईतून जाते ते क्षयाच्या जंतूपासून काढलेले प्रथिन. त्यात जिवंत जंतू नसतो, म्हणून या सुईने क्षय होत नाही. मात्र शरीराची क्षयाच्या जंतूशी पूर्वी गाठ पडली असेल, तर तेथे टणक गाठ येते. म्हणजे शरीरात कोणीतरी या प्रथिनाला ओळखतो. तो कोण?

रक्तातल्या पाण्यासारख्या भागात, म्हणजे सीरममध्ये, जंतूंना चिकटणारी प्रतिद्रव्ये असतात. ओळखण्याचे काम तीच करीत असतील असे कोणालाही वाटेल. पण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मेरिल चेस यांनी गिनीपिगवर प्रयोग केले. क्षयाच्या जंतूची ओळख झालेल्या प्राण्याचे सीरम दुसऱ्या निरोगी प्राण्याला दिले, तर ही ओळख त्याच्यात जात नव्हती. पांढऱ्या पेशी दिल्या, तर जात होती! हा निष्कर्ष त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केला. ओळख पेशींजवळ होती.

या पेशींचे आज रूढ असलेले नाव टी पेशी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तेथे त्या तयार होतात, म्हणून 'टी'. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली लंडनमध्ये उंदरांच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले.

आता मुख्य गोष्ट. टी पेशी ओळखते कशाने? तिच्या अंगावर एक प्रथिन असते, त्याला टी सेल रिसेप्टर म्हणतात. त्याचे दोन धागे एकमेकांना जोडलेले असतात. एका पेशीवर असे हजारो रिसेप्टर असतात, पण सगळे एकाच घडणीचे. दुसऱ्या टी पेशीवरचे बहुधा वेगळ्या घडणीचे. शरीर आपल्याच जनुकांचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जुळवून ही विविधता निर्माण करते. म्हणून कधी न पाहिलेल्या जंतूलाही ओळखणारी एखादी टी पेशी आपल्याजवळ बहुधा असते. या रिसेप्टरची जनुके १९८४ साली हाती लागली. टोरांटोमध्ये टाक माक यांनी आणि अमेरिकेत मार्क डेव्हिस यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह ती शोधली.

हा रिसेप्टर अख्खा जंतू पाहत नाही. आपल्या शरीरातील भक्षक पेशी जंतूला गिळतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि एकेक तुकडा आपल्या एका खास प्रथिनात धरून बाहेर दाखवतात. रिसेप्टर दोन्ही गोष्टी एकदम तपासतो, तुकडा आणि तो धरणारे प्रथिन. रेशन दुकानात कार्ड आणि त्यावरचे नाव दोन्ही पाहतात, तसेच हे. ही दुहेरी ओळख ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवली. त्यासाठी त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग या पेशी आपल्याच शरीरावर का उलटत नाहीत? थायमसमध्ये त्यांची कडक परीक्षा होते. ज्यांचा रिसेप्टर आपल्या प्रथिनांशी जुळतच नाही, त्या मरतात. ज्यांचा रिसेप्टर आपल्याच शरीराच्या तुकड्यांना घट्ट धरतो, त्यांतील बहुतेक तेथेच काढून टाकल्या जातात. फार थोड्या पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात.

आता हाताकडे वळू. सुईतले प्रथिन कातडीत जाते. तेथील पेशी त्याचे तुकडे करून दाखवतात. क्षयाची ओळख असलेल्या टी पेशी शरीरभर फिरत असतात. त्या तेथे पोचतात, त्यांचा रिसेप्टर तुकड्याशी जुळतो, मग त्या रासायनिक निरोप पाठवून इतर पेशींना बोलावतात. ही गर्दी जमायला ४८ ते ७२ तास लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी हात साफ दिसला तरी निकाल लागलेला नसतो, आणि आठवड्याने गेलात तर गाठ ओसरलेली असू शकते. मोजतात ती लाली नव्हे, हाताला लागणारी टणक गाठ. आणि ती प्रशिक्षित माणसानेच मोजायची. तोवर हळद, तेल, बाम काही लावू नका. मुलाला खाजवू देऊ नका. आंघोळ चालते.

गाठ आली म्हणजे क्षयरोग झाला, असे नाही. जंतूची ओळख झाली आहे, एवढेच ती सांगते. कधी कधी लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळेही ती येते. जंतू शरीरात असलेल्या बहुतेकांना जन्मभर रोग होत नाही. म्हणून मुलीच्या हातावर गाठ आली की तिच्या लग्नाची काळजी करीत ती लपवू नका. पुढे एक्स-रे आणि बाकीच्या तपासण्या करून घ्या.

उलट, गाठ आली नाही म्हणजे क्षय नाहीच, असेही नाही. मूल फार कुपोषित असेल, नुकताच गोवर येऊन गेला असेल, तर टी पेशी दुबळ्या पडलेल्या असतात. एचआयव्हीचा विषाणू तर सीडी-फोर जातीच्या टी पेशींवरच हल्ला करतो. क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवण्यात याच पेशींचा मोठा वाटा असतो, म्हणून एचआयव्हीबाधितांना क्षय लवकर गाठतो. शिवाय जंतू नुकताच शिरला असेल, तर ही ओळख तयार व्हायला २ ते ८ आठवडे लागतात. खोकला, ताप, वजन घटणे चालू असेल, तर हात साफ असला तरी डॉक्टरांना सांगा.

घरात क्षयाचा रुग्ण असेल तर पाच वर्षांखालील मुलांना सर्वाधिक धोका असतो. त्यांना रोग नाही याची खात्री करून, या चाचणीवाचूनही, सरकारी कार्यक्रमातून प्रतिबंधक औषध मोफत मिळते. रुग्णाचे औषधही मोफत आहे आणि नेहमीच्या क्षयाला ते ६ महिने घ्यावे लागते. रुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये देण्याचे ठरले आहे. बँक खात्याची नोंद झाली आहे का, ते दवाखान्यात विचारून घ्या.

आणि मुलाची सुई टोचून आलात की त्याच दिवशी कॅलेंडरवर परत जाण्याच्या तारखेला खूण करा. आईला सुट्टी नसेल तर मावशी, आजी, शेजारीण, कोणीही मुलाला घेऊन जावे. त्या दिवशी मुलाचा हात वेळेवर दाखवला गेला पाहिजे.