साडेतीनचा जमाखर्च

दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी अर्ध्या मुहूर्तावर, नव्या वह्या उघडणाऱ्या व्यापाऱ्याला साडेतीन हा आकडा नवा नाही. इटलीतील बोलोन्या शहरात मात्र हा आकडा उच्चारताच जाणत्यांना एक मोटारसायकल आठवते. मोतो मोरीनी या पेढीची ३४४ सीसीची ही गाडी ‘त्रे ए मेद्झो’, अर्थात ‘साडेतीन’, याच नावाने ओळखली जाते.

आल्फोन्सो मोरीनी यांनी १९३७ साली ही पेढी स्थापन केली. १९६९ मध्ये ते निवर्तले आणि कारभार कन्या गाब्रिएल्ला यांच्याकडे आला. मोटारसायकलींच्या धंद्यात त्या काळी स्त्री मालक ही दुर्मीळ गोष्ट. तरीही पुढे १९८७ मध्ये पेढी विकली जाईपर्यंत त्यांनी ती सांभाळली. साडेतीन ही त्यांच्याच कारकिर्दीतील निर्मिती. अभियंते फ्रांको लांबेर्तिनी यांनी तिच्या इंजिनात एक व्यापारी शहाणपण दाखविले. सिलिंडरचे हेड आतून कोरण्याऐवजी त्यांनी ते सपाट ठेवले आणि इंधन जळण्याची पोकळी पिस्टनच्या माथ्यावर घेतली. झडपा समांतर बसल्या, यंत्रकाम वाचले आणि इंधनही बेताने जळू लागले. गिअर मात्र सहा दिले. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा हा वस्तुपाठच होय.

सुमारे दीडशे किलो वजनाची ही गाडी आज विकत घेणारा बहुधा आधी किलोमीटरचा आकडा पाहतो. येथेच तो फसण्याचा संभव असतो. इंजिनातील कॅमशाफ्ट रबरी दातेरी पट्ट्याने फिरते आणि रबराचे आयुष्य अंतराप्रमाणेच वर्षांनीही मोजावे लागते. वीस वर्षे गोदामात उभी राहिलेली ‘कमी चाललेली’ गाडी म्हणजे वीस वर्षांचे व्याज चढलेले कर्जच. पट्टा, इंधनाच्या नळ्या, टायर आणि ब्रेकचे रबरी भाग हे सर्व पहिल्याच महिन्यात बदलणे श्रेयस्कर. त्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही आणि ओलावा धरून पोलादी टाकीला गंज आणते; भारतातील जुन्या वाहनांच्या मालकांनाही हा अनुभव अपरिचित नाही.

हा झाला महसुली खर्च. सुधारणेच्या नावाखाली होणारा भांडवली खर्च मात्र विचारपूर्वक करावयाचा असतो. कमी वीज खाणारा एलईडी दिवा बसविला तर जुन्या, मर्यादित शक्तीच्या आल्टरनेटरवरील भार हलका होतो. बाहेरून फारसे काही बदलत नाही. इग्निशन मुळातच इलेक्ट्रॉनिक असल्याने तेथे केवळ जुनी पेटी बिघडल्यास नवी घ्यावी. रुंद टायर आणि जाडजूड फोर्क बसविणारे मात्र गाडीचा हलकेपणाच खर्ची घालतात, आणि घेतला होता तो त्यासाठीच.

खरा पेच ब्रेकचा. सुरुवातीच्या गाड्यांना पुढच्या चाकालाही ड्रम ब्रेक होता, नंतरच्यांना डिस्क आली. जुन्या गाडीला डिस्क बसविल्यास तिचे मूळ रूप जाते. इटलीत ऐतिहासिक वाहन म्हणून प्रमाणपत्र हवे असेल, तर गाडी मूळ रूपाशी जुळणे महत्त्वाचे ठरते. उलट बाजूस, आजच्या रहदारीत पुढची मोटार एकाएकी थांबते, तेव्हा प्रमाणपत्र कामास येत नाही. जाणते मालक प्रथम ड्रम घासून गोल करून घेतात, ब्रेकशूला नवे अस्तर लावतात आणि केबल बदलतात. इतके करूनही गाडी थांबताना मन धास्तावत असेल, तर त्यांनी खुशाल डिस्क बसवावी.

फक्त उतरविलेला भाग भंगारात जाऊ नये. मूळ चाक, ड्रम, दिवा, प्रत्येकाला चिठ्ठी लावून, तेल पुसून पेटीत ठेवलेले बरे. गाडी विकताना ती पेटीही सौद्यात द्यावी, आणि तिची किंमत वेगळी लावावी.