वावरात वाजणारा भोंगा

मुलांनो, विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की घरोघरी थर्माकोलचे ज्वालामुखी फुटायला लागतात. माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण यंदा नववीतल्या माझ्या भाच्याने जे मागितलं, ते मला जास्त आवडलं. तो आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे बेला भागात राहतो. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. मराठी दोन्हीकडे तीच. तेलंगणाच्या दहावीला मराठी प्रथम भाषा म्हणून घेता येते, हे आपल्यातल्या शहरात वाढलेल्या कित्येकांना माहीतच नसतं.

"मामा, आवाज करणारं सर्किट पाहिजे," तो फोनवर म्हणाला.

"प्रदर्शनासाठी?"

"प्रदर्शन तं आहेच. पण आबाच्या वावरासाठी पाहिजे."

मका आणि ज्वारी भरात आली की रानडुकरं रात्रीतून वाफेच्या वाफे लोळवतात. म्हणून आबा मचाणावर जागल करतात. वय सत्तरीच्या पुढे, थंडीचे दिवस, हातात एक टॉर्च आणि बडवायला रिकामा डबा. काही जण कुंपणाला उघडी विजेची तार जोडून मोकळे होतात. ते बेकायदा आहे आणि त्या तारेला डुकरांबरोबर माणसंही चिकटतात. आबांना ते मान्य नाही. मग उरला आवाज.

आवाजासाठी सगळ्यात सोपी आणि स्वस्त वस्तू म्हणजे ५५५ ही आयसी. आठ पायांचा हा काळा किडा हान्स कामेनझिंड या स्विस अभियंत्याने १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचला. १९७२ मध्ये तो बाजारात आला आणि अजून विकला जातो. हैदराबादच्या कोठी भागातल्या गुजराती गल्लीत तो चहाच्या भावात मिळतो.

काम कसं चालतं, ते गच्चीवरच्या टाकीवरून समजून घ्या. टाकीवर दोन खुणा करा, एक तृतीयांशावर आणि दोन तृतीयांशावर. पाणी वरच्या खुणेला पोचलं की नळ बंद होतो आणि तोटी उघडते. खालच्या खुणेपर्यंत उतरलं की पुन्हा नळ सुरू. इथे टाकी म्हणजे कपॅसिटर आणि पाइपाची जाडी म्हणजे रेझिस्टर. ही भर-ओहोटी सेकंदाला हजार वेळा झाली की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते.

हिशेबही एका ओळीचा आहे. पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, त्याला कपॅसिटरने गुणायचं आणि १.४४ ला त्या उत्तराने भागायचं. आम्ही १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतले. उत्तर आलं ९८६ हर्ट्झ.

सामान यायला आठवडा होता, म्हणून त्याने शाळेच्या संगणकावर टिंकरकॅडमध्ये सर्किट जोडलं. पडद्यावरच्या ऑसिलोस्कोपवर चौकोनी लाट दिसली. मी त्याला बॅटरी ९ व्होल्टवरून ६ वर आणायला सांगितली. "मामा, सूर बदललाच नाही!" बदलणार कसा? व्होल्टेज कमी झालं तर दोन्ही खुणाही त्याच प्रमाणात खाली येतात. बॅटरी उतरत चालली तरी शिट्टीचा सूर जवळपास तोच राहतो. ही गोष्ट दहा वेळा वाचून डोक्यात शिरली नसती, दोन मिनिटांत दिसली.

सिम्युलेशनचा खरा फायदा मला हाच वाटतो. काही जळत नाही, म्हणून पोरगं न घाबरता खोड्या काढतं. त्याने कपॅसिटर हजारपट मोठा, १० मायक्रोफॅरडचा, घातला. शिट्टीच्या जागी सेकंदाला एक ठोका आला. मग दोन ५५५ घेतल्या आणि संथ आयसीचा आउटपुट एका रेझिस्टरमधून वेगवान आयसीच्या ५ नंबरच्या पिनला दिला. वरची खुण वरखाली होऊ लागली आणि 'पीं-पां' असा सायरन तयार.

प्रत्यक्ष जोडल्यावर मात्र मोबाइलवरच्या ॲपने ९८६ ऐवजी ८७० च्या आसपास आकडा दाखवला. भाचा हिरमुसला. पण स्वस्त कपॅसिटरवर लिहिलेला आकडा २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. पडद्यावरचा कपॅसिटर तेवढा प्रामाणिक असतो. दुसरी अडचण स्पीकरची. ५५५ जास्तीत जास्त २०० मिलिअँपिअर देते. ८ ओहमचा भोंगा १२ व्होल्टला थेट जोडला तर त्याला दीड अँपिअर लागतो. म्हणून मध्ये पॉवर ट्रान्झिस्टर आणि त्याला हीटसिंक. बॅटरी फवारणी पंपाची. ती घरात होतीच.

आता मुख्य पेच. जनावर मूर्ख नसतं. रोज त्याच वेळी, त्याच तालात तोच आवाज आला आणि मागून काहीच झालं नाही, तर चार दिवसांत त्याला तो सवयीचा होतो. त्यामुळे आवाज अवेळी यायला हवा. यावर तोडगा भाच्याने गणिताच्या तासाला काढला. आणखी दोन संथ ५५५, एकीचं चक्र ३७ सेकंदांचं, दुसरीचं ५३. दोन्ही एकदम चालू असतील तेव्हाच भोंगा वाजेल. दोन डायोड आणि ४ नंबरची पिन एवढ्यात ते जमतं. ३७ आणि ५३ दोन्ही मूळ संख्या, म्हणजे तोच क्रम परत यायला १९६१ सेकंद, अर्ध्या तासाहून जास्त. त्यातही कपॅसिटर खोटारडे असल्यामुळे आकडे नेमके राहतच नाहीत. शिट्टीला नडलेला दोष इथे कामी आला!

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "चाचणी घेतली का?" त्याने वही पुढे केली. पहिल्या तीन रात्री डुकरं आली नाहीत. चौथ्या रात्री आली, पण नाल्याच्या बाजूने, जिकडे भोंग्याची पाठ होती. आवाज अंतराने झपाट्याने विरतो आणि भोंगा समोर फेकतो तेवढा मागे फेकत नाही.

तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी भोंग्याची जागा बदलतात आणि बांधावरच्या खोपीत झोपतात. डबा अजून उशाशी असतो.