टाकी रिकामी, पण नळी भरलेली!

मैत्रिणींनो, भाऊबीज आटोपली, फराळाचे डबे तळाला गेले आणि आमच्या दिंडोरीत सकाळच्या शेकोट्या सुरू झाल्या. बागांची गोडी छाटणी झाली की आमच्याकडची माणसं पार मार्च-एप्रिलपर्यंत, द्राक्षं खुडून होईस्तोवर, गाव सोडायचं नाव काढत नाहीत. तेव्हा आमची घरगाडीही आता शेडमध्ये विसावणार.

घरगाडी म्हणजे काय, असं विचाराल. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या धाकट्या भाऊजींच्या डोक्यात ते वेड शिरलं. एक जुना टेम्पो घेतला, त्यात झोपायला बाकं, छोटा ओटा, बेसिन, १०० लिटरची टाकी, बॅटरीवरचा पंप आणि इवलासा गिझर बसवला. दिवाळीला कोकणात जाऊन आलो की गाडी उभी राहते, ती थेट चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला बाहेर निघते.

गेल्या वर्षीच्या त्याच यात्रेची गोष्ट आज सांगायची आहे. सांगताना मान खाली जाते, पण तुमच्यापासून काय लपवायचं!

दिवाळीनंतर गाडी ठेवताना मी विचारलं होतं, "भाऊजी, पाणी काढलंत ना?" ते म्हणाले, "हो वहिनी, टाकी पार कोरडी केली." मी समाधानानं वर झाकण घातलं. चैत्रात टाकी ताज्या पाण्यानं भरली आणि निघालो. वणी ओलांडली तेव्हा सासूबाईंना गोळी घ्यायची आठवण झाली. जाऊबाईंनी बेसिनच्या नळाचं पेलाभर पाणी दिलं. सासूबाई म्हणाल्या, "जरा वास येतोय गं." मीच म्हटलं, "नवीन भरलंय आई, टाकीचा असेल." त्यांनी गटागटा पिऊन टाकलं. त्या रात्री गडाच्या पायथ्याशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि देवीच्या दर्शनाऐवजी आम्ही नाशिकच्या दवाखान्यात तीन दिवस काढले. त्या पाण्यानंच झालं, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण घरी येऊन भाऊजींनी बेसिनखालची नळी सोडवली, तेव्हा आतून बुळबुळीत हिरवट थर निघाला. मग मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

माझ्या नणंदबाई कॅनडात असतात. फोनवर हे सारं ऐकून त्या म्हणाल्या, "वहिनी, टाकी रिकामी म्हणजे गाडी रिकामी नव्हे. आमच्याकडे नळीत घोटभर पाणी राहिलं तरी गाडीचं वाटोळं होतं." तिकडे थंडीत पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते ना, तसंच नळीचं, पंपाचं, गिझरचं होतं. म्हणून तिकडे थंडीआधी गाडीतला थेंबन् थेंब काढायची रीतच आहे. वर गुलाबी रंगाचं, न गोठणारं आणि बिनविषारी असं खास द्रव नळ्यांत भरून ठेवतात.

आपल्याकडे इतकी थंडी कुठे, असं म्हणाल. निफाडला डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा २ अंशांखाली गेला होता आणि वेलींच्या पानांवरचं दव गोठलं होतं, हे बागाईतदारांच्या घरात कुणी विसरलेलं नाही. पण खरं सांगायचं तर आपला वैरी बर्फ नव्हे, साचलेलं पाणी. चार महिने नळीच्या वाकणात बसलेलं पाणी नासतं. आणि डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. वैरी वेगळा असला तरी उपाय तोच. नणंदबाईंनी सांगितलेला आणि आम्ही यंदा केलेला क्रम असा:

१. आदल्या रात्रीच गिझर बंद करावा. गरम गिझरचं बूच उघडू नये, हात भाजेल. पाणी गार झाल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडून दाब जाऊ द्यावा, मग खालचं बूच काढावं.

२. निचऱ्याचा कॉक ज्या बाजूला असेल तिकडे गाडी किंचित उतरती उभी करावी. टाकीचा कॉक उघडून पाणी आळ्यात सोडावं, वाया घालवू नये.

३. टाकी संपत आली की पंप काही क्षण चालवून नळ्यांतलं पाणी ढकलावं. पाणी येईनासं होताच लगेच बंद करावा. कोरडा पंप चालत राहिला तर खराब होतो.

४. आता सगळे नळ उघडावे, गरम-गार दोन्ही. हातातला शॉवर विसरू नका. त्याची नळी खाली जमिनीकडे लोंबती ठेवा. नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागी छोटे कॉक असतात तेही उघडा. आमचा घोळ इथेच झाला होता. भाऊजींना या कॉकचा पत्ताच नव्हता.

५. पाण्याचा फिल्टर काढून टाकावा. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, ती धुऊन वाळवून परत बसवावी.

६. बेसिनच्या सांडपाण्याची टाकीही रिकामी करून धुवावी. बेसिनखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी मुद्दाम राहतं, ते वास अडवतं. आपल्याकडे महिन्या-दोन महिन्यांत ते सुकतं आणि झुरळांना वाट मोकळी होते. तेव्हा तेही काढून वर रबरी बूच घट्ट बसवावं.

७. नळ उघडेच ठेवावे म्हणजे आत वारा खेळतो. टाकीच्या तोंडाला आणि बाहेरच्या नळ्यांना बारीक जाळी बांधावी. आणि स्टेअरिंगला चिठ्ठी अडकवावी: "पाणी काढले आहे. पंप सुरू करू नये."

यात दोन गोष्टी अगदी जिवावरच्या आहेत, म्हणून वेगळ्या सांगते. राहिलेलं पाणी उडवायला आमच्या गड्यानं फवारणीचा पंप आणि त्याची नळी आणली होती. मी ओरडलेच! बागेतल्या औषधाचा पंप किंवा नळी पिण्याच्या पाण्याला कधीही लावू नका, कितीही धुतली असली तरी. दुसरी गोष्ट, मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट या नळ्यांत घालायचं नाही. ते बहुधा विषारी असतं. नणंदबाईंचं गुलाबी द्रव निराळं आणि आपल्याला त्याची गरजही नाही. मात्र थंडीत मनालीकडे गाडी न्यायची असेल, तर रात्री पाणी काढून ठेवावं आणि प्यायचं पाणी आत उबेत कॅनमध्ये ठेवावं.

चैत्रात गाडी काढताना थेट पाणी भरून निघू नका. सगळे कॉक बंद करून टाकी भरा आणि बिनवासाचं साधं ब्लीच, म्हणजे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, १०० लिटरला १०० मिलि या प्रमाणात घाला. ब्लीच ताजं असावं, जुन्याचा जोर कमी होतो. प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडून बंद करा, गिझरचाही. रात्रभर राहू द्या. सकाळी सारं सोडून द्या आणि वास जाईपर्यंत दोन-तीनदा ताज्या पाण्यानं धुऊन काढा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. फिल्टर नवा घाला. एवढं करूनही पहिल्या दिवशी घरची भरलेली बाटली जवळ असू द्या आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना तीच द्या.

उन्हाळ्यानंतर कूलर ठेवतानाही हीच नजर ठेवा. पाणी नेहमी तळाच्या कोपऱ्यात लपून बसतं.

परवा आम्ही गाडी बंद करत होतो, तर सासूबाई ओट्यावरून उठून काठी टेकत शेडपर्यंत आल्या. वाकून गाडीखाली पाहिलं आणि मला म्हणाल्या, "खालचा नळ उघडला का गं? मला यंदा देवीला जायचंय." मी त्यांचा हात धरून त्यांना तो कॉक दाखवला. शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.